दुसरा कुणी नव्हता

लिलावघरातल्या बाईंनी पदक उभं धरलं, कडेवर कोरलेला नंबर भिंगातून वाचला आणि कागदपत्रांशी ताडून पाहिला. मग पिवळं पडलेलं मानपत्र उघडून त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

"तोफांचा भडिमार चालू असताना तुटलेली टेलिफोनची तार जोडायला हा लाइनमन एकटाच उघड्या टेकडीवर गेला. सात ठिकाणी तार जोडली. मांडीत छर्रा घुसूनही मागे फिरला नाही. त्या तारेवरून गेलेल्या निरोपामुळे वेढ्यात अडकलेले चाळीस जण जिवंत परतले."

समोर बसलेली लेक पन्नाशीची होती, तरी हे शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकले. वडिलांच्या पोटातलं ओठांवर कधी आलंच नव्हतं. तिला ठाऊक होते ते पालीला घाबरणारे बाबा. शेजाऱ्यानं कुंपण हातभर आत सरकवलं तेव्हा, "जाऊ दे गं, त्याच्या कोंबड्यांना जागा लागते," म्हणणारे.

"विकायचं नक्की ना, ताई?"

"बाबाच सांगून गेलेत. ट्रंकेत धूळ खाण्यापेक्षा हौस असलेल्या माणसाकडे जाऊ दे म्हणाले."

लिलावाआधी पदकं बघायला ठेवली, त्या दिवशी तीही गेली. संग्राहक येत होते. एकानं फीत मूळचीच का, असं विचारलं. दुसरा मानपत्र वाचून टोपी काढून क्षणभर उभा राहिला, तेव्हा तिची मान आपोआप ताठ झाली.

मग काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी पदकाकडे पाहिलंही नाही. मानपत्रातला मजकूर लिहिलेलं शेजारचं कार्ड तेवढं दोनदा वाचलं आणि ते लिलावघरातल्या बाईंकडे वळले.

"बाई, यातलं 'एकटाच' खोडा. ते खरं नाही."

"आपण कोण?"

"त्यांच्याबरोबरचा दुसरा. तारेचं रीळ माझ्या खांद्यावर होतं."

लेक पुढं झाली. "मी त्यांची मुलगी."

म्हाताऱ्यांनी नजर खाली घेतली, पण बोलायचे थांबले नाहीत.

"पहिला सांधा जोडला आणि शेजारी गोळा पडला. मी रीळ टाकून पळालो. दिवसभर खड्ड्यात पडून होतो. संध्याकाळी परतलो, तेव्हा जवानांनी त्यांना उचलून आणलं होतं. साहेबांनी विचारलं, बरोबर कोण होतं? आम्हाला पाठवणारा हवालदार तोवर मारला गेला होता. सांगणारे तुमचे बाबाच काय ते उरले होते. मी समोरच उभा. पळणाऱ्याला काय शिक्षा होते, ते दोघांनाही माहीत होतं. ते म्हणाले, दुसरा कुणी नव्हता, साहेब."

"नंतर भेटलात कधी?"

"एकदा, बाजारात. मी तोंड चुकवत होतो. हाक मारून त्यांनी चहा पाजला. मुलं किती, काय करतात, सगळं विचारलं. त्या दिवसाबद्दल मात्र चकार शब्द नाही."

बाईंनी पेन्सिल उचलली होती. "अशी हकीकत असली की संग्राहक पदकाला आणखी मोल देतात, ताई. लिहू का?"

"लिहा," म्हातारे म्हणाले. "माझं नाव घालून लिहा. घरात सगळे मला शूर समजतात. आता नाही पेलवत."

लेकीनं कार्ड हातात घेतलं. बाबा खोटं बोलल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं. बोलले असतील तर त्या एकदाच, आणि ते एक खोटं त्यांनी मरेपर्यंत निभावलं होतं. तिनं कार्ड परत पदकाशेजारी ठेवलं.

"असंच राहू दे."

"अहो, पण ते..."

"माहीत आहे, काका. बाबांनी दिलेला शब्द आहे तो. तो मी कशी खोडू? तुमच्या घरी सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

म्हातारे काठीवर दोन्ही हात ठेवून तसेच उभे राहिले. तिनं भिंतीकडची खुर्ची ओढून आणली आणि त्यांना दंडाला धरून बसवलं. स्वतः शेजारच्या बाकावर टेकली.

"काका, तो पहिला सांधा कुणी जोडला?"

"दोघांनी." त्यांनी मान वर केली. "मी टोकं धरली, त्यांनी पिळली."

"मग तेवढं तरी नीट सांगा मला. सकाळी निघालात, तिथपासून."