उलटा फोटो

"तुझा काय, कोणाचाच इश्वास बसणार नाई यावर, बाई," मी म्हणालो. "पण माझ्या सैफले मी याच खोलीत उलटा धरला होता."

चंद्रपूरच्या दवाखान्यात एक्सरेच्या खोलीबाहेर बसलो होतो. माझ्या बायकोचं, जमीलाचं, मनगट मोडलेलं, मी तिच्या सोबतीला. समोर धानोऱ्याकडची वच्छला, कालच बाळंत झालेली. पोराला शीची वाटच नव्हती. पोट मडक्यासारखं तटतटलेलं, आणि रडणं इतकं बारीक की शेजारच्यालाही ऐकू येऊ नये.

डॉक्टरीणबाई दोनदा समजावून गेल्या होत्या. पोर उलटं धरलं की पोटातला वारा वर चढतो, अन् आतडं कुठवर येऊन बंद झालंय ते फोटोत दिसतं. मग कुठं चिरायचं ते ठरतं. वच्छला पोर सोडत नव्हती. तिचा नवरा लटारू भिंतीकडे तोंड करून उभा.

"उलटं केलं तर जीव तोंडावाटे निघून जाईन," ती म्हणे.

बांगड्या विकण्यात माझा जन्म गेला. तडा गेलेली बांगडीही मी नवीन फॅशन म्हणून विकली आहे. म्हटलं, हेही विकू.

"जीव? अवं, माझं पोट्टं उलटं होताच हसलं! डॉक्टरच घाबरून मागं सरकला. फोटोत वारा कसा, तर बोडीच्या पाण्यात मासोळीचा बुडबुडा असते तसा. ऑपरेशन झालं अन् पठ्ठ्यानं अख्ख्या वॉर्डाच्या चादरी भरवल्या. नर्सबायांनी पेढे वाटले!"

लटारू वळला. पोराचं रडणं आता थांबलं होतं, आणि ते काही बरं लक्षण नव्हतं.

"आता कुठी रायते तो?" वच्छलानं विचारलं.

"मूल गावले, राइस मिलमध्ये. दोन-दोन पोते एकदम उचलते. परवा रस्त्यात वाघ आडवा आला, तर त्यालेच म्हणे, सरक तिकडे."

फडक्यावरची तिची बोटं सैल झाली. आतून हाक आली, "बाळाला आणा." ती अर्धवट उठली आणि थबकली. माझ्याकडे नाही, जमीलाकडे पाहत होती.

"खरं होय का, बाई?"

जमीला इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच गोष्टीच्या मध्ये बोलली नव्हती.

"झूठ हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "सैफले कोणीच उलटं नाई धरलं. मीच नाई देल्ला त्याले. तो थंडा पडेस्तोवर अशीच उराशी धरून बसली होती, तुयासारखी."