बुतिलचे पाच दिवस

माझा नातू दोन महिने आधीच आला. वजन सव्वा किलो. आणि जन्मल्या दिवसापासून त्याला कॉफी चालू! खोटं नाही सांगत. इतक्या लवकर आलेली बाळं श्वास घेता घेता मध्येच विसरतात, म्हणून आमच्या बातांगास प्रांतातल्या लिपा शहराच्या इस्पितळात त्यांना कॅफिनचे थेंब देतात. कॉफीत असतं तेच. मी चाळीस वर्षं बाराको कॉफी पिकवतोय. हे ऐकून छाती अशी फुगली, की दुसऱ्या दिवशी थर्मास भरूनच गेलो.

"लोलो गोरियो, हे काय?" नर्स लिगायाने विचारलं. आमच्याकडे आजोबांना लोलो म्हणतात.

"नातवासाठी. बाटलीतलं कशाला? घरची आहे, ताजी भाजलेली."

"त्याला एक थेंब जरी पाजलात ना, तर इथून हाकलून देईन." तिने थर्मास काढून घेतला. "ही आम्ही पिऊ."

आणि प्यायल्याच सगळ्या.

बाळाला आम्ही बुतिल म्हणायचो, म्हणजे दाणा. दाणा टपोरा होत पावणेदोन किलोचा झाला. तेव्हा डॉक्टर मारालित म्हणाल्या, "आता थेंब बंद. पाच दिवस एकदाही श्वास थांबला नाही, तर घरी न्या. थांबला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

"बातांगासच्या पोराची कॉफी तोडता?" मी म्हणालो.

"ताताय, गप्प बसा हो," माझी लेक मारिविक म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बुतिल विसरला. श्वासावर लक्ष ठेवणारं मशीन किंचाळलं, लिगायाने त्याच्या तळव्याला टिचकी मारली, तो पुन्हा सुरू झाला. मोजणी पुन्हा एकपासून. मारिविक बाहेरच्या बाकावर बसून रडली.

या खेपेला मात्र पाचवा दिवस उजाडला. दुपारी बारापर्यंत निभावलं की सुटका. अकराला मारिविक जेवायला गेली आणि लिगायाने बाळ ऊब मिळावी म्हणून माझ्या उघड्या छातीवर कापडाने बांधलं. त्याचा श्वास इतका हलका, की माझ्या श्वासात हरवून जायचा. म्हणून मी माझा रोखला. हां, आला. पुन्हा रोखला. आला. छान चाललं होतं. मग खिडकी गरगरायला लागली.

"लोलो!" लिगायाने माझ्याच तळव्याला सणसणीत टिचकी मारली. "श्वास घ्या! ओठ निळे पडलेत तुमचे!"

बाळाचं मशीन अगदी शांत होतं. आसपासच्या आया हसू आवरत आपापली बाळं सावरत होत्या.

"यांची मोजणी पुन्हा एकपासून गं," एक म्हणाली.

"थेंब चालू करा म्हाताऱ्याला!" दुसरी म्हणाली.

मलाही हसू फुटलं. छाती गदागदा हलली, बुतिल जागा झाला आणि असा काही ओरडला, की डॉक्टर मारालित धावत आल्या. त्यांनी मोजणीचा कागद पाहिला, घड्याळ पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं.

"न्या याला," त्या म्हणाल्या. "माझे कान वाचवा."

तेवढ्यात मारिविक दारात आली. हाताला भात तसाच. "कोण रडतंय? काय झालं?"

"घरी!" मी ओरडलो.

तिने बाळाचा मुका घेतला, मग डॉक्टरांचा, मग लिगायाचा, आणि त्या गडबडीत शेजारच्या आईचाही. मला विसरली. माझ्या छातीवरचं कापड सोडून बाळाला घेऊन ती जिना उतरायलाही लागली. मी शर्ट खांद्यावर टाकून तसाच उघडा तिच्या मागे धावलो.