दारचा शनिवार

चष्मेवाल्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांतलं कुसळ फार लवकर दिसतं, हा चर्चच्या मंडळीतला जुना विनोद. लोक तो करायचे त्यांच्या पाठीमागे, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. चौकाच्या अलीकडे त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि मंडळीच्या मासिकातलं शेवटचं पान त्यांच्याकडे होतं, 'शंका आणि उत्तर'. सव्वीस वर्षं! उपासनेत वाजणारे फोन, भिंतीवर पडदा लावून त्यावर गीतं दाखवायची टूम, वीस मिनिटांत गुंडाळलेला उपदेश, लग्नाचं नाव काढलं की 'बघू' म्हणणारी पोरं, एकेकाला त्यांनी त्या पानावर असं काही धुतलं होतं की विचारू नका. लोक वाचून नाकं मुरडायचे, आणि मासिक हातात पडलं की आधी शेवटचंच पान उघडायचे.

त्या सोमवारी मात्र एका पत्राने त्यांचीच बोलती बंद केली.

पत्र छापील अक्षरांतलं होतं, चार ओळींचं. "माझा भाऊ आणि मी एका जुन्या भांडणापायी अनेक वर्षं बोलत नाही. आता आमच्या मंडळ्याही वेगळ्या आहेत. लहानपणी आम्ही एका पांघरुणात झोपायचो. त्याच्या दारापर्यंत जायला पाय उचलत नाहीत. मी देवासमोर मनातल्या मनात त्याला माफ केलं, तर पुरे का? — एक धाकटा."

चष्मेवाल्यांनी ते तीनदा वाचलं. मग दुकानाचं दार आतून लावून घेतलं, गिऱ्हाईक बाहेर उभं असताना. त्यांचा धाकटा भाऊ अकरा वर्षं त्यांच्याशी बोलला नव्हता, तो नव्या मंडळीत होता, आणि लहानपणी दोघं एकाच पांघरुणात झोपत. आता जगातले निम्मे भाऊ एकाच पांघरुणात वाढलेत, हे त्यांना कोणी सांगायचं? माणसाला जे हवं असतं ते त्याला डोळे तपासायच्या पाटीवरच्या शेवटच्या ओळीतही दिसतं, हे ते स्वतः गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते.

आता भांडण कशावरून, ते सांगायला हवं. या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, सगळ्यांनी एकाच प्याल्यातून पिण्याचा विधी, आणि त्याच्या आदल्या दिवसाला म्हणत दारचा शनिवार. ज्याचं कुणाशी वाजलं असेल त्याने त्या दिवशी समोरच्याच्या दारात जायचं आणि म्हणायचं, "तुझ्यामाझ्यात काही आहे, ते मिटवायला आलोय." मग काय ते नाव घेऊन, स्पष्ट सांगायचं. समोरच्याने दार उघडायचंच. हे न करता कुणी प्याल्याला ओठ लावायचा नाही. पणजोबांच्या काळापासून हे चालत आलं होतं. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडलेल्या दोन शेजारणी दर महिन्याला एकमेकींच्या दारात रडायच्या आणि सोमवारी त्याच दोरीवरून पुन्हा जुंपायच्या. पण रविवारी तोच प्याला दोघींच्या ओठांना लागायचा.

मग नवे पाळक आले. शिकलेले, मऊ बोलणारे. ते म्हणाले, काळ बदललाय, लोकांना अवघडल्यासारखं होतं, क्षमा ही माणूस आणि देव यांच्यातली गोष्ट आहे, उपासनेत एक मिनिट शांत बसू, पुरे. अर्धी मंडळी हुश्श झाली, अर्धी पेटली. पेटलेल्यांच्या पुढे चष्मेवाले. हुश्श झालेल्यांत त्यांचा धाकटा. "दादा, तुमचा शनिवार म्हणजे नुसतं नाटक झालंय," तो भरसभेत म्हणाला, "पाया पडायचं आणि पुढच्या महिन्यात तेच." नवे पाळक आपली माणसं घेऊन फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये गेले. धाकटाही गेला. आणि चष्मेवाल्यांनी शेवटच्या पानावर छापून टाकलं की जो सोडून गेला, त्यानेच आधी यावं. राहिलेल्याने त्याच्या दारात जायचं काही कारण नाही. हा नियम पणजोबांनी केलेला नव्हता. हा त्यांनी रागाच्या भरात स्वतः केला, आणि मग त्यातच अडकून बसले.

अकरा वर्षं. दर दारच्या शनिवारी ते दुकान लवकर बंद करून घरी बसायचे. बाहेरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून. हातात काहीतरी वाचायला. वाचायचे कसले! जिन्यावर पाऊल वाजलं की पान उलटायचे. बायकोला सगळं कळत होतं. ती फक्त एक कप जास्तीचा काढून ठेवायची आणि संध्याकाळी परत आत ठेवायची.

आता पत्र आलं होतं. उत्तर गुरुवारपर्यंत छापायला द्यायचं होतं. मंगळवारी त्यांनी लिहिलं, खोडलं. बुधवारी पुन्हा लिहिलं. शेवटी त्यांच्या लेखणीतून एक वाक्य उतरलं, ते असं: "माफी मनातल्या मनात होत असती, तर देवाने ती वरूनच करून टाकली असती. त्याला खाली, आपल्या दारात यावं लागलं."

वाक्य झकास होतं. सव्वीस वर्षांत असं जमलं नव्हतं. त्यांनी बायकोला हाक मारून वाचून दाखवलं आणि शाबासकीची वाट बघत बसले.

"छान आहे," ती म्हणाली. "आणि तुमच्या पायांना काय झालंय?"

"म्हणजे?"

"अहो, देव आला खाली. तुम्हाला तीन बसथांबे जाववत नाही? तुम्ही उत्तर छापणार, ते त्याच्याकडे पुढच्या महिन्यात पोचणार. तोवर दोघंही म्हातारे व्हाल. झालाच आहात म्हणा."

"पण नियम..."

"नियम गेला खड्ड्यात! तो तुम्हीच केलाय." एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी आपटायला लागली.

शनिवारी दुपारी चष्मेवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दोनदा भांग पाडला. बसमध्ये जागा होती तरी उभे राहिले, बसलं तर उठवणार नाही अशी भीती वाटली म्हणून. साठी उलटलेला माणूस, पण परीक्षेला निघालेल्या पोरासारखा ओठ हलवत उभा होता. काय काय म्हणायचं ते सगळं पाठ केलं होतं. तो रडेल, मग आपण रडू. नाहीतर तो दार लावून घेईल; मग आपण बाहेर उभे राहू, संध्याकाळपर्यंत. त्याचीही त्यांनी तयारी केली होती.

धाकट्याचं दुकान विजेच्या मोटारी आणि पंखे दुरुस्त करायचं. दार उघडंच होतं. आत वार्निशचा वास. तो पाठमोरा बसून तांब्याची तार एका साच्यावर गुंडाळत होता आणि पुटपुटत मोजत होता. पावलं ऐकून मागे न बघता त्याने हात वर केला, थांबा. "एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस..."

मोजणी चुकली तर अख्खं गुंडाळं उलगडावं लागतं, हे चष्मेवाल्यांना माहीत होतं. ते उंबऱ्याबाहेर थांबले. अकरा वर्षं थांबले होते, आणखी शंभर वेढे काय! भावाचं डोकं पार पांढरं झालं होतं. मान एका बाजूला कलती करून तो तारेकडे बघत होता, आणि नाकावर फुटपाथवरचा तयार चष्मा होता, एक दांडी दोऱ्याने बांधलेली. नंबर चुकीचा होता, मान बघूनच कळत होतं. आपल्या सख्ख्या भावाने रस्त्यावरचा चष्मा घालावा!

"दोनशे चाळीस." त्याने तारेचं टोक साच्यात खोचलं, वळला. "दादा? तू?"

"तुझ्यामाझ्यात काही आहे," चष्मेवाले म्हणाले. "ते मिटवायला आलोय."

धाकटा उठला. "अरे, आत ये ना. दारात काय उभा?"

"तुझं पत्र मिळालं."

"कसलं पत्र?"

चष्मेवाल्यांनी खिशातून घडी काढून दिली. त्याने चष्मा वर-खाली करत वाचलं आणि परत दिलं. "मी नाही बाबा लिहिलं. तुमचं मासिक मी वाचतसुद्धा नाही, डोकं दुखतं." मग जरा हसून म्हणाला, "बिचारा कोणीतरी आहे."

ते पत्र कुणाचं होतं ते कधीच कळलं नाही. चष्मेवाल्यांना वाटलं, आत्ताच्या आत्ता वळावं आणि बस पकडावी. पण पाय हलेनात.

"आणि मला असं विचारायची गरजही नव्हती," धाकटा फडक्याने हात पुसत म्हणाला. "मी तुला केव्हाच माफ केलंय, दादा. नऊ-दहा वर्षं झाली. एका रविवारी, त्या शांत मिनिटात. मनापासून केलं. विषय संपला."

रडणं, शिव्या, बंद दार, सगळ्याची तयारी होती. याची नव्हती. नऊ-दहा वर्षं! म्हणजे ते दर शनिवारी जिन्याकडे कान लावून बसले होते तेव्हा इकडे सगळं आटोपून हात धुऊन झालं होतं, आणि कुणी त्यांना कळवलंही नव्हतं.

"मग सांगायला का नाही आलास?"

"ते तुझ्यामाझ्यातलं नव्हतंच. माझं आणि देवाचं होतं. मला बरं वाटलं, मी कामाला लागलो." त्याने घड्याळाकडे बघितलं. "चहा मागवू? पाचला एक मोटार द्यायचीय, पण चहाला वेळ आहे."

गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं त्याने. चांगल्या मनाने विचारलं, हेच वाईट होतं.

"माझी आठवण येते तुला?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"येते की. अधूनमधून."

"मला रोज येते," चष्मेवाले म्हणाले. "रोज रे. गीत सुरू झालं की डाव्या बाजूला तुझा बेसूर आवाज नसतो, तर मला पुढचा शब्द आठवत नाही. लोकांना वाटतं मी भक्तीने गप्प झालोय. तुला माझा जरासुद्धा राग येत नाही?"

"नाही, दादा. खरंच नाही."

"थोडा तरी धर की! राग असता तर कधीतरी भांडायला आला असतास. तुझ्या मनात मी उरलोय तरी कुठे?"

"तुझं डोकं फिरलंय," धाकटा समजुतीने म्हणाला.

तेव्हा चष्मेवाल्यांना आठवलं, की दारात आलेल्याने नाव घेऊन सांगायचं असतं, आणि त्यांनी अजून काहीच सांगितलं नव्हतं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, स्वतःवर वेळ आली तेव्हा तेच विसरले. त्यांनी चौकट धरली.

"तू मंडळी सोडून गेलास त्याच वर्षी, आईच्या मातीला मी तुला खांदा देऊ दिला नाही," ते म्हणाले. "पेटीला चौथा माणूस कमी पडला, तर मी खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला बोलावलं. तू समोर उभा होतास, हात पुढे करून."

धाकट्याचा फडकं धरलेला हात थांबला. "ते नको काढूस."

"का? माफ केलंयस ना?"

"म्हटलं ना, नको!"

"हे मिटवायला आलोय मी. दुसऱ्या कशासाठी नाही."

"भाडेकरूला!" धाकटा ओरडला, आणि त्याचा आवाज इतका मोठा आला की तो स्वतःच दचकला. "त्या माणसाला आईचं नावसुद्धा माहीत नव्हतं, दादा! महिना झाला होता त्याला राहायला येऊन! मी मागून चालत होतो, परक्यासारखा. माझी पोरगी विचारत होती, बाबा, आजीला तुम्ही का नाही उचललं? काय सांगू तिला? सांग ना, काय सांगायचं होतं मी?" त्याने हात झटकला, साचा टेबलावरून खाली गेला आणि दोनशे चाळीस वेढे फरशीवर सुटत गेले. त्याने तिकडे बघितलंही नाही. "आणि वर त्याच महिन्यात छापलंस, सुकलेली फांदी! सुकलेली फांदी छाटलीच पाहिजे! आईला जाऊन दहा दिवस झाले नव्हते, आणि मला लोक पान उघडून दाखवत होते!"

समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. चष्मेवाले चौकट धरून उभे होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि इतकं बरं त्यांना अकरा वर्षांत वाटलं नव्हतं.

"बोल," ते म्हणाले. "अजून बोल."

"बोलणारच आहे! तू काय मला परवानगी देतोस?" धाकट्याने पायानेच एक स्टूल त्यांच्याकडे ढकललं. "बस आधी. बस म्हणतो ना! मला अजून पुष्कळ बोलायचंय."