कोंडा शेळीला, पीठ सुलाबाईंना

“सुला, पीठ दोनदा चाळ गं. कोंडा दिसला न्हाई पायजे.” सासूबाईंचे हे शब्द माझ्या जाळीत अजून अडकून आहेत. मित्रांनो, मी पिठाची एक जुनी चाळणी आहे. जिंतूरच्या बाजारातून येलदरीजवळच्या या घरात आले, ती सुलाबाईंच्याच हाती.

तेव्हा घरात खाणारी सात माणसे. सुलाबाईंचे मालक सूर्यभान पोळी मोडत म्हणायचे, “कापसावानी झालीय. चाळणी लय गुणाची हाय.” मला धन्य वाटायचे.

आता सासूबाई नाहीत, सूर्यभान नाहीत, लेक पूर्णेला नांदते. एका जिवासाठी भाजी कोण चिरणार? सकाळी चहात टोस्ट, दुपारी चहात पोळी. संडास अंगणापलीकडे, वाट निसरडी. म्हणून पाणीही घोटभरच. चार चार दिवस पोट साफ होत नाही. ही गोष्ट त्या फक्त मला सांगतात, पीठ चाळताना.

मारुतीच्या पहाटेच्या आरतीचा त्यांचा नेम लग्नापासूनचा. “पोट असं तुंबलेलं, देवापुढं कसं उभं राहू?” म्हणत त्यांनी तोही सोडला. घरात दिवसभर कुणाचा आवाज म्हणून नाही.

परवा घरोघरी तब्येतीची चौकशी करत फिरणारी आशाताई रेणुका आली.

“मावशी, पोट साफ होतं का?”

“गप गं! असलं इचारतेत का?”

रेणुकाची नजर माझ्याकडे गेली. मी कोंडा घेऊन शेजारच्या कडूबाईच्या शेळीची वाट पाहत होते.

“कोंडा शेळीला, अन् तुमाला नुसतं मऊ पीठ? त्या शेळीनं कधी चूर्ण मागितलंय का?”

सुलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. कितीतरी महिन्यांनी!

मग रेणुकाने नीट सांगितले. पीठ कोंड्यासकट, रोज पालेभाजी, दिवसभर थोडे थोडे पाणी. कळ आली की उठायचे, दाबायची नाही, जोर करायचा नाही. “रक्त दिसलं, न्हाईतर फरक पडला न्हाई, तर माझ्यासंगं दवाखान्यात यायचं. अन् देवळात चालत जायचं.”

“असल्या पोटानं? देवाला चालंल?”

“पोट देवानंच दिलंय की, मावशी.”

सुलाबाईंनी मारुतीच्या तसबिरीला हात जोडून हे सगळे पाळायचा शब्द दिला.

इतकी वर्षे जे कामाचे, तेच मी वेगळे काढून शेळीपुढे टाकत होते. आणि त्याचेच माझे कौतुक!

काल पीठ न चाळताच मळले गेले. शेळी दाराशी येऊन तशीच परतली.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला वापरा. मी म्हणते, पिठात खडा-किडा असेल तेव्हाच मला हाक मारा. एरवी खिळ्यावर राहू द्या. करमत नाही, पण राहीन.

आज पहाटे सुलाबाई तांब्याभर कोमट पाणी प्यायल्या. पोट अजून जडच होते. जाता जाता त्यांनी माझ्या काठावरून हात फिरवला. मग डोक्यावर पदर घेतला, निरांजन उचलले, आणि दार हलकेच ओढून त्या देवळाच्या वाटेला लागल्या.