न म्हटलेलं कडवं

मी तोंडाळ बाई, साऱ्या रेल्वे कॉलनीला ठाऊक आहे. पण एक गोष्ट चार वर्षं पोटात ठेवून बसले होते, आणि तीही स्वतःच्या सुनेपासून.

माझा विक्रम जाऊन चार वर्षं झाली. शलाका त्याची बायको, हिंदी मुलखात वाढलेली. त्याच्या जागी रेल्वेत लागली आणि माझ्यापाशीच राहिली. यंदा तिच्या ऑफिसातल्या मधुसूदनने तिला लग्नाचं विचारलं. भला माणूस, नुकतीच भुसावळला बदली झालेला; लग्न झालं की हीही तिकडेच जाणार. तरी ही काही हो म्हणेना.

शुक्रवारी लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या देवळात, महालक्ष्मीचं दर्शन घेतलं, पायरीवर टेकलो, तेव्हा म्हणाली, "आई, आज उन्हें मना कर दूँगी. विक्रम दर गणपतीत माझ्यासाठी ते गाणं म्हणायचे ना, कितीही जन्म झाले तरी मी तुझाच. त्याचा मतलब हाच ना, की मी पण त्यांचीच राहायचं?"

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. सून घरातच राहणार, म्हातारीला आणखी काय पाहिजे? पण तिचा चेहरा इतका उतरला होता की माझी मलाच चीड आली.

"कसला मतलब घेऊन बसलीस," मी म्हटलं. "त्या गाण्याला तिसरं कडवं आहे. तूही जन्मभर माझीच राहा, असं मागितलंय त्यात. विक्रमने ते कधी म्हटलंच नाही. मी रागावले एकदा, गाणं अर्धवट का सोडतोस म्हणून. तर म्हणतो कसा, आई, शपथ मी घेतोय, तिला कशाला बांधून घालू?"

शलाका रडली, अगदी मनमोकळं. मीही रडले, त्यात लाज कसली.

"ये आपने पहले क्यों नहीं बताया?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस." बोलले एकदाची. छातीवरचा धोंडा उतरला. आता ती कितीही चिडली तरी चालणार होतं.

ती चिडली नाही. डोळे पुसले, माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताने मधुसूदनला फोन लावला. "सुनिए, हाँ है," एवढंच म्हणाली.

त्या होकाराची मला केवढी धास्ती होती. तो कानावर पडला आणि मीच देवळाकडे वळून हात जोडले. सुटलो गं बाई, दोघीही.