अबू मुहन्नदचे पाच अँपिअर

आमच्या मोसुलमध्ये वीज अँपिअरवर विकत घेतात. सरकारी वीज गेली की गल्लीतला जनरेटर सुरू होतो, आणि ज्याने जितके अँपिअर घेतले तितक्याचा खटका त्याच्या दाराशी बसवलेला असतो. व्होल्ट कोणी विचारत नाही. छत्तीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवून मीसुद्धा विचारले नाहीत.

माझ्या आईचं ऑक्सिजनचं यंत्र एकशे ऐंशी व्होल्टच्या खाली चालत नसे. जुलैतल्या एका दुपारी ते ठप्प झालं. मी जनरेटरवाल्या अबू मुहन्नदकडे धावले, तर तो कलिंगड खात बसलेला.

"पाचचा खटका आहे ना बाई? मग यंत्रच भंगार असेल," म्हणाला आणि बी थुंकला.

परत येईपर्यंत आई गेली होती.

आईचा चाळिसावा झाल्यावर मी मीटर लावला. एकशे पन्नास. गल्लीची जाड तांब्याची तार काढून त्याने विकली होती आणि शंभर घरं एका मरतुकड्या तारेवर टांगली होती. त्याला दोन थोबाडीत देऊन माझं भागणार नव्हतं. मला त्याचा परवाना हवा होता. दर मार्चमध्ये मुख्तार, म्हणजे मोहल्ल्याचा सरकारी कारभारी, गल्लीला विचारून परवान्याच्या कागदावर शिक्का मारतो. मी मार्चची वाट पाहिली.

शिक्क्याच्या दिवशी मुख्तार, अबू मुहन्नद आणि सगळ्या गल्लीला माझ्या अंगणात चहाला बोलावलं. विजेची किटली लावली, शेजारी दोन मीटर ठेवले. पाणी काही उकळेना.

"बाई, चहा आज की ईदला?" मुख्तारने विचारलं.

"मीटर वाचा."

"दीडशे व्होल्ट. तीन पॉइंट चार अँपिअर."

अबू मुहन्नद हसला. "किटलीची कॉइल गेलीय. वय झालं की होतं असं, बाई."

तो हेच बोलणार, हे मला ठाऊक होतं.

"मग तुझ्याकडे करू चहा," मी म्हटलं. दारात चहा मागायला आलेल्या माणसाला आमच्यात नाही म्हणत नाहीत. तीच किटली आणि मीटर उचलून मी निघाले, मागे सगळी गल्ली. त्याचं घर जनरेटरला लागून, तार स्वतंत्र आणि जाड.

तिथे दोनशे वीस व्होल्ट, पाच अँपिअर. किटली बघता बघता उकळली. मी त्याच्याच भिंतीवर खडूने लिहिलं.

"दीडशे भागिले तीन पॉइंट चार, चव्वेचाळीस. दोनशे वीस भागिले पाच, चव्वेचाळीस. रोध तोच, म्हणजे कॉइल धडधाकट आहे. आता गुणा. इथे अकराशे वॅट, आमच्याकडे पाचशे दहा. आम्हाला अर्धीसुद्धा वीज मिळत नाही."

अबू मुहन्नद माझ्या कानाशी आला. "तार आजच बदलतो, बाई. माझ्या लेकरांकडे बघा."

"आईच्या यंत्राला एकशे ऐंशी लागायचे. तू किती देत होतास? मोठ्याने सांग."

गल्ली थांबून होती.

"एकशे पन्नास," तो शेवटी म्हणाला.

त्याची बायको चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. माझ्या आईला शेवटची अंघोळ तिनेच घातली होती. तिने तबक खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे न बघता आत निघून गेली. मुख्तारने कागद शिक्का न मारताच खिशात घातला.

मी खाली वाकून एक पेला उचलला, दोन चमचे साखर घातली आणि त्याच्यासमोर बसून तो चहा सावकाश संपवला.