बोगद्यात शिवलेला शर्ट

मला भीती वाटते, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणायचं, बाई उगाच ताठ मानेने मिरवत होती. गिऱ्हाइकांवर डाफरणारी, नवऱ्याला दिवसभर धारेवर धरणारी मी, मागच्या खेपेला त्या एमआरआयच्या यंत्रातून अक्षरशः पळून आले होते. पाठीवर झोपवलं, तोंडावर तो प्लास्टिकचा पिंजरा बसवला, आत सरकवलं आणि छत एकदम नाकाशी आलं. हातात रबरी फुगा दिला होता, काही झालं तर दाबा म्हणून. मी तो असा दाबला की बाहेरची मुलगी धावतच आली. मग अंगात दवाखान्याचा गाऊन, पायात चप्पल नाही, अशी मी तडक फाटकापर्यंत गेले. मागून आमचे हे, माझे कपडे छातीशी धरून, "अगं मास्तर, थांब! अगं मास्तर!" करत.

मास्तर म्हणजे मी. शर्ट शिवण्याच्या दुकानात जो कापड कापतो त्याला मास्तर म्हणतात. आमच्याकडे कापते मी, शिवतेही बरंचसं मीच, म्हणून मास्तर मी. हे काज-बटण करतात, इस्त्री करतात आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. ते तिसरं काम मला या जन्मी जमायचं नाही.

सुरुवात डोकेदुखीने झाली. डोकं कुणाचं दुखत नाही? मी गोळी घेतली आणि कामाला लागले. मग उजव्या हाताची बोटं मध्येच बधिर व्हायला लागली. तेही मी पचवलं. पण एके दिवशी एका शाळामास्तरांचं चौकड्यांचं कापड कापलं आणि हे ते उचलून बघतात तर शर्टाचे दोन्ही पुढचे भाग उजवेच! डावा नाहीच. ही चूक कात्री पहिल्यांदा हातात धरणारा करतो, आणि करतो तीही एकदाच, कारण त्यानंतर मास्तर त्याचे कान उपटतो. माझे कान कोण उपटणार? ह्यांनी कापड गुंडाळून ठेवलं. गिऱ्हाइकाला सांगितलं, "कापडात डाग निघाला हो, दुसरं आणून देतो." मला म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." माणूस भला आहे. थापा मारायच्या तर त्यासुद्धा दुसऱ्याच्या भल्यासाठी मारतो.

डॉक्टर मात्र भले नव्हते, नुसते हुशार होते. त्यांनी माझ्या डोळ्यांत उजेड मारला, बोटं नाकाला लावायला लावली, एका रेषेवर चालायला लावलं. म्हणाले, डोक्याच्या आत बघायला हवं. कदाचित काहीच नसेल, मानेतली शीर दबली असेल. आणि कदाचित असेल. त्यातलं 'मानेतली शीर' तेवढं आमच्या ह्यांनी उचललं आणि घरभर फिरवलं. कुणी विचारलं की, "मानेतली शीर आहे." अजून कशाचा पत्ता नाही, आणि यांचं निदान तयार!

मी पळून आले ही बातमी गल्लीत जायला वेळ लागला नाही. मग काय, ज्याला त्याला मला शिकवायचं होतं. माझी धाकटी बहीण म्हणाली, ताई, देवाचं नाव घे. जाऊबाई म्हणाल्या, शंभरापासून उलटे आकडे मोजा. समोरचा न्हावी म्हणाला, "त्यात काय आहे? मी तर आत घोरत पडलो होतो." म्हटलं, तुझ्या डोक्यात काही असतं तर जागा राहिला असतास. चिडला. चिडू दे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती. बोगद्याची भीती होतीच, नाही कशाला म्हणू. पण मी मरणाला फारशी भीत नव्हते. मेले तर मेले, सुटले. मला भीती होती कात्री सुटण्याची. शिवणाव्यतिरिक्त मला या जगात काही म्हणजे काही येत नाही. स्वयंपाक बेताचा, बोलणं कडू, मूलबाळ झालं नाही. हातात कात्री आहे म्हणून लोक मास्तर म्हणतात आणि माझं ऐकून घेतात. ती गेली की मग उरते ती एक खाष्ट बाई. आणि ह्यांच्या एकट्याच्या काज-बटणावर दुकान चालायचं नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

तर काल परत गेलो. या वेळीही उठलात तर मग भूल देऊनच करावं लागेल, त्याचा नंबर पुढच्या महिन्यात, असं आधीच बजावलं होतं. आणि इतकं थांबू नका, असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. सकाळचा चहा तसाच ठेवून निघाले. हे आपले रस्ताभर बडबडत होते. शाळेच्या गणवेशाचं काम येईल, काजाच्या मशीनला तेल घालायला हवं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने म्हणे बुटाला पॉलिश मारल्यासारखे केस काळे केलेत. मी म्हटलं, "अहो, जरा गप्प बसता का?" बसले. मग ते गप्प बसले तेच मला सोसेना.

आत यंत्र चालवणारी मुलगी तीच होती, गोल चेहऱ्याची. मला वाटलं ही आता तोंड वाकडं करणार. पण ती हसली. "आलात ना काकू! अंगावर धातूचं काही आहे का?"

"नाही."

"नक्की?"

मी चाचपून बघितलं आणि गळ्याशी खोचलेली टाचणी निघाली. मग बाहीत एक. मग कमरेशी सुई, दोऱ्यासकट. ती मुलगी ताटली धरून उभी आणि मी एकेक काढून टाकतेय. "काकू, तुम्ही माणूस आहात की टाचण्यांची उशी?" मला हसू आलं. आमच्या धंद्यात टाचणी ठेवायची जागा म्हणजे आपलं अंगच. शेवटी सगळे कपडे बदलून गाऊन घातला आणि ती म्हणाली, "शिवणकाम करता? मग सोपं आहे. आत गेल्यावर डोळे उघडायचेच नाहीत. मनातल्या मनात एक कपडा शिवायला घ्या. पहिल्यापासून, एकही पायरी न गाळता. तुमचा शिवून होईपर्यंत माझं काम झालेलं असेल. मागे एक स्वयंपाकी बाई आल्या होत्या, त्यांनी आत पंगत उठवली."

इतके सल्ले ऐकले, पण हा एक पटला. शर्ट? तो तर मी झोपेत शिवेन. मी आडवी झाले, पिंजरा बसला, हातात फुगा आला. मी डोळे घट्ट मिटले आणि सरकले.

आधी ठकठक. मग कुणी पत्रा बडवावा तसं. काळीज असं उडत होतं की वाटलं तेच चित्रात हलेल. बोट फुग्यावर होतं. दाबू? दाबू का? मग मी स्वतःलाच दरडावलं, मास्तर, कापड घ्या. घेतलं. पांढरं, सुती, धुऊन आटवलेलं. टेबलावर अंथरलं, दुहेरी घडी घातली, हाताने सळ काढले. खडूने पाठ आखली, पुढचे दोन भाग आखले, एक डावा, एक उजवा. हो, डावा होता, मी दोनदा बघितला. कात्री चालवली. तिचा आवाज मला त्या सगळ्या दणदणाटात ऐकू आला, खरंच सांगते. श्वास खाली बसला. बोट फुग्यावरून निघालं.

पुढच्या पट्ट्या दुमडल्या. खिसा लावला, कोपऱ्यांवर उलटी शिलाई घालून, पेन अडकवून अडकवून तिथेच फाटतो म्हणून. पाठीला खांद्याचा तुकडा जोडला, खांदे जोडले. कॉलर ताठ राहावी म्हणून आत बकरम घातलं, टोकं उलटवली, सुईने हळूच बाहेर काढली. माझ्या कॉलरीच्या टोकांना गावात तोड नाही. कॉलर बसली. मी इतकी रमले की वाटलं, अरे, हे तर काहीच नाही! घोरणाऱ्या न्हाव्याची मी उगाच टर उडवली.

मग बाही हातात घेतली.

घेतली आणि थांबले. समोर शर्ट पसरलेला, कॉलर लावलेला, दोन्ही बाजू उघड्या. हातात बाहीचा तुकडा. आणि तो कुठे लावायचा ते मला कळेना. म्हणजे हात जिथे असतो तिथे, एवढी अक्कल होती. पण तुकड्याची कुठली कड, शर्टाच्या कुठल्या कडेला, सुरुवात कुठून? मी तुकडा फिरवला. उलटा केला. कुठूनही धरला तरी तो त्या शर्टाचा वाटेना, दुसऱ्याच कशाचा तरी वाटत होता.

घाई झाली, म्हटलं. परत पहिल्यापासून. कापड, घडी, खडू, पाठ, पुढचे भाग, खिसा, खांदे, कॉलर. पाण्यासारखं सगळं आलं. बाही घेतली, आणि पुन्हा तेच. मग म्हटलं, ह्यांचा शर्ट घेऊ. ह्यांचं माप तर टेपशिवाय माहीत आहे मला, उजवा खांदा किंचित खाली, वर्षानुवर्षं इस्त्री ओढून ओढून. ह्यांचा शर्ट डोळ्यांसमोर आला. त्यालाही बाह्या नव्हत्या.

माझ्या अंगात गाऊन होता ना? त्याची बाही माझ्या खांद्याला लागत होती, मला तिची शिवण टोचतसुद्धा होती. ती तिथे कशी बसलीये ते मला उमगेना.

तेव्हा मला कळलं. यंत्राने काय चित्र काढलं ते डॉक्टर सांगतील तेव्हा सांगतील. माझा रिपोर्ट मला आतच मिळाला. मानेची शीर! मानेच्या शिरेने बाही जात नाही हो. मी आयुष्यात किती बाह्या लावल्या असतील! गिऱ्हाइकाशी भांडत, रेडिओ ऐकत, तापाने फणफणलेली असताना. ती एक गोष्ट कुणीतरी माझ्या डोक्यातून नीट उसवून काढून नेली होती, एकही धागा मागे न ठेवता.

डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं आणि पुसता येत नव्हतं. पण फुगा मी दाबला नाही. मागच्या वेळी बाहेर पडायचं होतं, आता मला बाहेर यायचंच नव्हतं. आत होते तोवर ही गोष्ट मला एकटीला माहीत होती. बाहेर बाकावर हे बसले होते आणि त्यांच्यासाठी मी अजून मास्तर होते. बडव म्हटलं यंत्राला, बडव, थांबू नकोस. थांबलंच ते.

"काय काकू! जरासुद्धा हलला नाहीत!" मुलगी पिंजरा काढत म्हणाली. मग तिने माझा चेहरा बघितला आणि कापूस आणून कान पुसले. "शिवून झाला का?" एवढंसुद्धा विचारलं नाही. तिने पलीकडच्या पडद्यावर काय बघितलं होतं ते तिला माहीत.

कपडे बदलून मी बाहेर आले. हे ताडकन उठले. तोंडभर हसू. "जिंकलीस! मला वाटलं आता पळत येतेस की मग येतेस. मी आपला दाराशीच बसलो होतो, धरायला." मग माझा दंड धरून बाकावर बसवलं, पाण्याची बाटली उघडून दिली. "आता बघ, रिपोर्ट येईल, शीर निघेल, चार गोळ्या देतील. शाळेचं काम घेऊन टाकू ना? हो म्हणून सांगतो."

"अहो," मी म्हटलं, "बाही कशी लावतात?"

"आँ?"

"शर्टाची बाही. कशी लावतात?"

ते हसले. "मास्तरला कोण शिकवणार!"

मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बघताबघता त्यांचं हसू गेलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना कामातलं कधी काही विचारलं नव्हतं. पूर्वी तेही बाह्या लावायचे. चुण्या पडायच्या, म्हणून मीच ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं होतं, चारचौघांत नाही नाही ते बोलून.

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. बराच वेळ लावत राहिले. मग खिशातला रुमाल काढून त्याची बाहीसारखी घडी घातली, आणि माझ्या खांद्यावर ठेवली. आणि सांगायला लागले.

"हे बघ. बाहीच्या मधोमध खूण असते. ती खांद्याच्या शिवणीवर ठेवायची. टाचणी मारायची. मग तिथून पुढे आणि मागे, मुंढ्याच्या, या बाहीच्या भोकाच्या, गोलाईने खाली यायचं. ओढायचं नाही. ओढलं की चुण्या पडतात, तूच ओरडायचीस ना? आणि खाली काखेत पोचलं की मग शर्टाची कूस आणि बाही एकाच शिवणीत." त्यांचं बोट माझ्या खांद्यावरून दंडाकडे, दंडावरून काखेकडे फिरत होतं. "कळलं?"

मी नीट ऐकलं. एकेक शब्द कळला. खूण कळली, टाचणी कळली, चुण्या कळल्या. ते गप्प झाले आणि मी मनात शर्ट समोर घेतला, बाही हातात घेतली.

"परत एकदा सांगा," मी म्हटलं.